एसी१२०० एक्स्टेंडर: नेट तुटतंय म्हणून घ्यावा का?

एक्स्टेंडर म्हणजे राउटरचा वायफाय सिग्नल पकडून पुढच्या खोल्यांत पोचवणारं यंत्र. एसी१२०० वर्गातल्या यंत्राच्या खोक्यावर '१२०० एमबीपीएस' ठसठशीत छापलेलं असतं. हा आकडा वायफायच्या दोन बँडच्या (लहरींच्या पट्ट्यांच्या) वेगांची, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज आहे, तीही वर गोल केलेली. फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ती बेरीज कुणाच्याच पदरात पडत नाही. शिवाय या वर्गातल्या बऱ्याच एक्स्टेंडरांचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच. त्याला केबलने जोडलेला टीव्ही ९४-९५च्या पुढे जात नाही.

पण घेण्याआधी दुखणं कुठे आहे ते बघा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि दोन विंडोंतून सलग पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) लावा: एक राउटरला (बहुतेक १९२.१६८.१.१), दुसरा ८.८.८.८ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. दहा मिनिटं तरी चालू द्या. राउटर १-२ मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि ८.८.८.८ मध्येच गप्प होतोय, तर बिघाड राउटरच्या पलीकडे, म्हणजे लाइनमध्ये. तिथे एक्स्टेंडर म्हणजे फुकटचा खर्च. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा (सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल, तर आधी कपाटामागे पिवळी वायर चेपली किंवा दुमडली आहे का ते पाहा.

केबलवर सगळं ठीक, पण आतल्या खोलीत वायफायवर राउटरचाच पिंग २०० मिलिसेकंदांच्या वर उड्या मारतोय किंवा तुटतोय, तेव्हा हे यंत्र कामाचं. तरी लोक ते हमखास चुकीच्या जागी लावतात: जिथे रेंज नाही नेमकं तिथे! त्यालाच सिग्नल मिळाला नाही तर ते पुढे काय देणार? वायफाय अॅनालायझर अॅपमध्ये उणे ६० ते उणे ६५ डीबीएम (सिग्नलची ताकद; शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) दिसेल त्या प्लगला लावा. उणे ८० म्हणजे राउटरपासून फार लांब गेलात.

एकाच बँडवर घेणं आणि देणं दोन्ही असेल तर स्पीड साधारण निम्मा होतो, तो दोष नाही, रचनाच तशी आहे. त्यावर उतारा म्हणजे अॅक्सेस पॉइंट मोड, यात यंत्र सिग्नल हवेतून नाही तर केबलने घेतं. राउटरपासून कॅट-५ई केबल ओढा, मोड बदला, ही घट संपते. आमच्या मते याच मोडसाठी हे यंत्र घ्यावं, आणि मग पोर्ट गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) आहे ना, एवढं बघूनच. गिगाबिट पोर्ट असूनही लिंक १००वरच अडकली, तर केबलच्या टोकाचा कनेक्टर पुन्हा क्रिम्प करा (दाबून बसवा). आठपैकी एखादी तार बसलेली नसते.