विद्यापीठाचा दिव्यांग कक्ष, दोन वर्षं वापरून बघितल्यावर: पाचपैकी चार स्टार

मी पूर्ण अंध आहे, याच वर्षी एमए मराठी पूर्ण झालं. विद्यापीठ महाराष्ट्रातलंच आहे, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि ज्यांनी मला मदत केली त्यांना उगाच त्रास नको. लोक हॉटेलचे रिव्ह्यू लिहितात, मोबाईलचे लिहितात, पण दिव्यांग कक्ष कसा आहे, रायटर (परीक्षेत आम्ही सांगितलेली उत्तरं लिहून देणारा) मिळतो का, नोट्स वाचता येतील का, हे ॲडमिशन घ्यायच्या आधी आम्हाला कुठेच वाचायला मिळत नाही, म्हणून लांबलचक लिहितेय.

बीए मी तालुक्याच्या कॉलेजात केलं. तिथे रायटर आपला आपण शोधायचा, परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनबाहेर अर्ज घेऊन उभं राहायचं आणि जादा वेळ किती ते त्या दिवशीच्या सुपरवायझरवर. त्यामुळे विद्यापीठात आले तेव्हा अपेक्षा फार नव्हत्या. सगळीकडे पहिला प्रश्न असतो "किती टक्के?", म्हणजे दिव्यांगत्व किती, आणि यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) बघितलं की संपलं. इथल्या कक्षप्रमुख मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "तू वाचतेस कशावर?" मला दोन सेकंद कळलंच नाही काय उत्तर द्यायचं, कारण हे कोणी विचारलंच नव्हतं. मग सांगितलं की लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, मोबाईलवर टॉकबॅक (दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर), ब्रेल येतं पण एवढी जाड पुस्तकं ब्रेलमध्ये कुठून आणणार. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि त्याच आठवड्यात माझ्या चारही विषयांच्या सरांना-मॅडमना पत्र गेलं की नोट्स युनिकोडमध्येच द्यायच्या, फोटो काढून पाठवायच्या नाहीत.

हे युनिकोडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मराठीच्या विभागात वर्षानुवर्षांच्या नोट्स श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या आत ती युनिकोडसारखी खरी मराठी अक्षरं नसून रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर वाचायला लागला की डॉलर, कंस, एफ, स्टार असं काहीतरी बडबडतो. दिलीप चित्र्यांच्या कवितेवरची चाळीस पानी नोट मी अशी ऐकलीये, रडायला आलं होतं. आणि झेरॉक्सचं स्कॅन असेल तर ते म्हणजे नुसतं चित्र, ओसीआर (चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरने ओळखून मजकूर बनवणं) केल्याशिवाय त्यातून एक अक्षर ऐकू येत नाही, आणि ओसीआर केलं तरी घ चा ध होतो, भ चा म होतो, जोडाक्षरं फुटतात. मॅडमनी यावर जो उपाय काढला तो मला सगळ्यात आवडला. कमवा आणि शिका योजनेतली पाच-सहा मुलं त्यांनी कक्षाकडे मागून घेतली, ती रोज दोन-तीन तास स्कॅन करायची, ओसीआर करायची आणि मूळ पान समोर ठेवून चुका दुरुस्त करायची. गावाकडून आलेल्या मुलांना कामाचे पैसे मिळाले, आम्हाला पुस्तकं मिळाली. पहिल्या वर्षाच्या शेवटी आमच्या अभ्यासक्रमातली जवळजवळ सगळी पुस्तकं वर्ड फाईलमध्ये होती. सुगम्य पुस्तकालयावर (अंधांसाठीची ऑनलाइन लायब्ररी) मेंबर व्हायलाही कक्षानेच मदत केली, पण एमएच्या पातळीची मराठी समीक्षा मला तिथे फारशी सापडली नाही, त्यामुळे खरा आधार या मुलांचाच.

आता परीक्षा. नियम काय आहे तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे ३ तासांच्या पेपरला ४ तास. बीएला मला कधी अर्धा तास मिळाला, कधी पाऊण. इथे सेमिस्टर सुरू झाल्यावर महिन्याभरात एक फॉर्म भरून घेतात आणि हॉल तिकिटाबरोबरच परीक्षा विभागाचं सहीशिक्क्याचं पत्र हातात येतं, त्यात रायटरचं नाव, खोली, वेळ सगळं. पहिल्याच पेपरला ३ तास झाल्यावर सुपरवायझर उत्तरपत्रिका मागायला आले, मी पत्र पुढे केलं, त्यांनी वाचलं, "बरं बसा" म्हणाले. भांडण नाही, रडारड नाही, फोनाफोनी नाही. ज्याने कधी परीक्षेच्या मध्यात स्वतःच्या हक्कासाठी वाद घातलाय आणि मग हात थरथरत पुढचं उत्तर सांगितलंय त्यालाच या "बरं बसा"ची किंमत कळेल.

शिवाय रायटरबरोबर एक दिवस आधी तासभर बसायची सोय. माझी रायटर कॉमर्सची होती, हुशार मुलगी, पण व्यंजना, ध्वनी, साधारणीकरण हे शब्द तिने कधी ऐकलेच नव्हते. त्या तासात आम्ही काव्यशास्त्राचे पन्नासेक शब्द लिहून काढले आणि पेपरात त्याचा खूप उपयोग झाला.

माझ्या ज्युनिअर एका मुलाच्या हाताला कंप आहे, सर्टिफिकेट ४० टक्क्यांच्या खाली, त्यामुळे आधीच्या कॉलेजने रायटर नाकारलेला. मॅडमनी सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल जोडून परीक्षा विभागाला पत्र दिलं. त्या केसमध्ये रायटर्स क्रॅम्पचा (लिहिताना हात आखडण्याच्या त्रासाचा) प्रश्न होता आणि कोर्टाने सांगितलं की रायटर मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. मुलाला रायटर मिळाला. अशा ठिकाणी कळतं की कक्षाचा प्रमुख नुसता प्रेमळ असून भागत नाही. प्रेमळ माणसं मला आयुष्यात खूप भेटलीयत, हाताला धरून रस्ता ओलांडून देणारी. पण परीक्षा विभाग, बांधकाम विभाग, ग्रंथालय, हॉस्टेल या चार ठिकाणांहून काम करून घ्यायला कायदा माहीत असलेला आणि ज्याच्या सहीला वजन आहे असा माणूस लागतो. मॅडम इमारत समितीत होत्या आणि नवीन बांधकामाची फाईल त्यांच्या टेबलावरून जायची, हे त्यांनी भांडून मिळवलेलं. माझी मैत्रीण व्हीलचेअरवर असते, तिच्या विभागाच्या इमारतीचं जोतं अडीच फूट आणि रॅम्प नऊ फुटांचा होता. एकास बारा उतार पाहिजे, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी, म्हणजे तिथे तीस फूट हवा होता. मॅडम स्वतः टेप घेऊन गेल्या, मापं लिहिली, आणि तो रॅम्प तोडून वळणाचा नवीन बांधला, तोपर्यंत मैत्रिणीचे तास तळमजल्यावर घेतले.

टॉयलेटचं अजून पूर्ण जमलेलं नाही, दोन इमारतींत कुलूप असतं आणि किल्ली शोधावी लागते. कर्णबधिर मुलांसाठी साइन लँग्वेज इंटरप्रिटर कायमचा नाही, कार्यक्रमापुरता बोलावतात, तासाला नाही, आणि हे मला फार लागतं कारण आमची सोय झाली आणि त्यांची राहिली.

एक स्टार कापलाय तो दुसऱ्या वर्षाचा. मॅडमची मुदत संपली आणि कक्षाचा अतिरिक्त कार्यभार एका सरांकडे गेला. सर माणूस म्हणून चांगले, पण त्यांचे स्वतःचे तास, पीएचडीची मुलं, तीन-चार समित्या, कक्षात येणार कधी? दुपारनंतर खोली बंद. स्कॅनर बिघडला तो दोन महिने तसाच, कमवा आणि शिकाची मुलं दुसरीकडे पाठवली, आणि तिसऱ्या सेमिस्टरला रायटरचं पत्र मला पेपरच्या आदल्या रात्री साडेआठला मिळालं. त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढं चांगलं चाललेलं काम एका माणसाच्या बदलीने दोन महिन्यांत असं खाली येतं याचा राग आला, अजून येतो.

मग आम्ही अकरा जणांनी मिळून लेखी तक्रार दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, तक्रारीची नोंदवही ठेवायची असते आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. हे कलम आम्हाला मॅडमनीच पहिल्या वर्षी ओरिएंटेशनला वाचून दाखवलेलं. अर्जात कलम लिहिलं होतं म्हणून असेल, पण बाराव्या दिवशी कुलसचिवांनी बैठक बोलावली. मॅडमनी करून ठेवलेल्या पत्रांचे नमुने, फॉर्म, तारखांचा तक्ता सगळं कपाटात फाईलला होतं, ते काढलं आणि परिपत्रक म्हणून लागू केलं, आता प्रमुख कोणीही असो रायटरचं पत्र पेपरच्या सात दिवस आधी द्यावंच लागतं. पूर्णवेळ समन्वयकाची जागा मंजूर झाली पण मी बाहेर पडेपर्यंत भरली नव्हती. चौथ्या सेमिस्टरला मला पत्र नऊ दिवस आधी मिळालं.

कोणी ॲडमिशन घेणार असेल तर ५ टक्के राखीव जागांचा कॉलम फॉर्ममध्ये नीट भरा, वयात ५ वर्षांची सवलत आहे तीही मागा. यूडीआयडीच्या चार-पाच झेरॉक्स ठेवा. पहिल्याच आठवड्यात कक्षात जाऊन तुम्ही कशावर वाचता, कसं लिहिता ते लिहून द्या आणि पोच घ्या. बाहेर लायब्ररीचे मामा बसतात, आवाज दिला की ते सोडायला येतात, कक्ष तळमजल्यावर उजवीकडे तिसरं दार, दारावर ब्रेल पाटी आहे.