जळगावचं ‘लिस्टिंग’वालं दुकान: फोटो झकास, इंग्रजी मात्र स्वतः वाचून घ्या

आधी निकाल सांगते, मग कारणं. फोटोंना पाचपैकी साडेचार, वागणुकीला चार आणि इंग्रजी मजकुराला दीड. त्या दीडातलाही अर्धा यासाठी, की दुरुस्ती सांगितली तर पोरगं तोंड वाकडं करत नाही.

चोपड्याला आमचा केळीच्या वेफर्सचा घरगुती उद्योग आहे. खारे, मिरीचे, मसाल्याचे; उन्हाळ्यात उडदाचे पापड आणि बिबड्या. पुण्या-मुंबईला नोकरीनिमित्त गेलेली आपली मंडळी सणाला आली की पिशव्या भरून नेतात आणि तिकडून फोन करतात, “ताई, कुरिअर करता का?” म्हणून वेबसाइट काढायचं ठरलं. जळगावच्या एका दुकानात पॅकेज मिळालं: मालाचे फोटो, इंग्रजी आणि मराठी वर्णन, वर सगळं साइटवर चढवून देणार; यालाच ते ‘लिस्टिंग’ म्हणतात. नगाला साडेतीनशे रुपये, पाचाच्या वर नग असतील तर तीनशे. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक तिशीच्या आतला, कष्टाळू आहे, त्याचा धंदा बसवायची मला हौस नाही. असलं काम करून घेणाऱ्यांनी काय तपासून घ्यावं, तेवढ्यापुरतं हे.

फोटोंबद्दल वाद नाही. वेफर पिवळा दिसावा म्हणून बरेच जण कॉम्प्युटरवर रंग चढवतात, मग पाकीट फोडल्यावर गिऱ्हाईक म्हणतं फसवलं. याने तसं केलं नाही. खिडकीशी काळी पाटी ठेवली, तिच्यावर एकेक वेफर उभा केला आणि उजेड मागून घेतला. मिरीचे दाणे वेगळे दिसतात, हळद-मिठाच्या पाण्याने कडेला आलेला किंचित गडद पिवळा रंगसुद्धा दिसतो. उकळत्या तेलात ते पाणी सोडताना कसा चर्र आवाज होतो हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना फोटो बघूनच तो आठवेल. मराठी वर्णनही बरं होतं, जरा जाहिरातबाज, पण चालेल.

आता इंग्रजी. मी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम.ए. केलंय, तेव्हा विद्यापीठाच्या नावात अजून बहिणाबाई आल्या नव्हत्या. लग्नानंतर काही वर्षं दहावीच्या शिकवण्याही घेतल्या. त्यामुळे नजर अडकते, त्याला इलाज नाही. देवनागरीत लिहिलं तर यातल्या निम्म्या चुका दिसणारच नाहीत, म्हणून अक्षरं फोडून सांगते. पहिल्याच ओळीत ‘चिप्स’मधल्या एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या वर येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह, लटकवलेली; साध्या अनेकवचनाला ती लागत नाही. खाली ‘इट्स क्रंच’, म्हणजे त्याचा कुरकुरीतपणा, तिथेही अपॉस्ट्रॉफी. म्हणजे ते झालं ‘इट इज क्रंच’. बाजारच्या वेफर्सपेक्षा सरस म्हणायचं होतं, तिथे ‘दॅन’ऐवजी ‘देन’, म्हणजे आधी आमचे चांगले, त्यानंतर बाजारचे. ‘युअर गोइंग टू लव्ह इट’मधला युअर ‘तुमचा’वाला, ‘यू आर’वाला नव्हे. आणि शेवटी आर्जव: हा कुरकुरीतपणा गमावू नका. ‘लूज’ला ओ दोन. म्हणजे कुरकुरीतपणा सैल करू नका. वेफर सैल पडला तर आम्हीच तो विकत नाही.

फोन केला.

“भाऊ, त्या चिप्समध्ये एसच्या आधी टिंब कसलं दिलंय?”

“मॅडम, ती स्टाइल असते.”

“आणि लूजमध्ये दोन ओ?”

“टूलमध्ये टाकून पाहिलं होतं मॅडम. लाल रेघच आली नाही.”

लाल रेघेवर भिस्त ठेवणाऱ्यांची सगळ्यांची गोची इथेच होते. साधं स्पेलिंग तपासणारं यंत्र शब्द एकेकटा उचलतं आणि आपल्या यादीत आहे का एवढंच बघतं. एका ओचा शब्द यादीत आहे, दोन ओचाही आहे. ‘देन’ही आहे, ‘दॅन’ही आहे. शेजारच्या शब्दाशी त्याचं जमतं का, हे त्याच्या खात्यात येत नाही. नवी टूलं वाक्य बघतात, बऱ्याचदा पकडतातही. पण ती वापरली तरी त्यांनी सुचवलेलं बरोबर की चूक हे ठरवायला माणूस लागतोच. उलट मोबाइलचा कीबोर्ड कधीकधी न मागता अपॉस्ट्रॉफी घुसडतो.

‘इट्स’ची चूक होण्यामागे तर्क आहे, हे मी मुलांनाही सांगायची. इंग्रजीत नामाचा ‘चा-ची-चे’ अपॉस्ट्रॉफी-एस लावून होतो, मग ‘इट’चाही तसाच होणार असं कोणालाही वाटेल. आपल्याकडे रामाचा आणि त्याचा, दोघांना प्रत्यय एकच. इंग्रजीत मात्र ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ या सर्वनामांच्या रांगेत ‘इट्स’ बसतं, आणि त्या रांगेत अपॉस्ट्रॉफी कोणालाच नाही. गंमत म्हणजे खुद्द इंग्रजांनीही एके काळी अपॉस्ट्रॉफी लावूनच हा शब्द लिहिला आहे. आजचा नियम पक्का व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. तेव्हा ही चूक करणारा मूर्ख असतो असं मी म्हणणार नाही. पैसे घेऊन ती करणारा आळशी असतो, असं म्हणेन.

अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लावायची खोड तर विलायतेतही इतकी आहे, की तिकडे तिला भाजीवाल्यांच्या नावाने ‘ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी’ म्हणतात. भाजीवाले पाटीवर केळी, टोमॅटो, बटाटे असेच लिहीत, म्हणून. जॉन रिचर्ड्‌स नावाच्या एका निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये या चिन्हाच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली होती. २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकला असं म्हणून त्यांनी ती बंद केली. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार, पण मला तेवढा राग येत नाही. आमचं गिऱ्हाईक लिहितं, ‘टेस्ट व्हेरी नाइस मॅम, सेंड टू पॅकेट मोर’. ते वाचून मला आनंदच होतो. पाकिटाचं अनेकवचन झालं नाही म्हणून मी ऑर्डर अडवत नाही. सासूबाईंना साइट दाखवली तर म्हणाल्या, “माले काही समजत नही, पन फोटो भारी शे.” त्यांचं परीक्षण माझ्यापेक्षा नेमकं आहे.

राग आला तो पुढच्या गोष्टीचा. मी कागदावर मराठीत लिहून दिलं होतं: वरून रंग नाही, टिकवायचं रसायन नाही, तळण घाण्याच्या शेंगदाणा तेलात. त्याचं इंग्रजी झालं, ‘नो ॲडेड कलर, प्रिझर्व्हेटिव्ह अँड ग्राउंडनट ऑइल’. स्पेलिंग सगळी शुद्ध. लाल रेघ नाही, निळी नाही. पण त्या ‘नो’ने तिन्ही गोष्टी पोटात घातल्या. वाचणाऱ्याच्या लेखी रंग नाही, रसायन नाही आणि शेंगदाणा तेलही नाही!

पुण्याच्या एका बाईंचा मेसेज आला, तेव्हा हे माझ्या लक्षात आणून दिलं गेलं. त्यांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. “तुमच्याकडे शेंगदाणा तेल नसतं हे वाचून बरं वाटलं, तरी एकदा खात्री करून घेते,” असं त्यांनी लिहिलं होतं. माझ्या हातापायातलं अवसान गेलं. पाकिटामागे घटकांत तेलाचं नाव आहेच. पण ते पाकीट हातात आल्यावर, आणि तेही कोणी उलटून वाचलं तर. रिफाइंड तेलातून शेंगदाण्याची प्रथिनं जवळपास निघून जातात, घाण्याच्या तेलात ती राहतात आणि ॲलर्जी त्या प्रथिनांचीच असते. म्हणजे ज्या गोष्टीची आम्ही फुशारकी मारतो, तीच त्या पोराला नको होती. बाईंना ताबडतोब कळवलं, घेऊ नका म्हणून, आणि ते पान त्याच तासाला बंद करायला लावलं.

दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, “मॅडम, एका ‘अँड’ने काय होतंय?” त्याला मग अमेरिकेतला एका कॉमाचा किस्सा ऐकवला. मेन नावाच्या राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी आहे. ओव्हरटाइम कोणत्या कामांना लागू नाही, याची यादी तिथल्या कायद्यात होती आणि यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नव्हता. दूध पोचवणारे ड्रायव्हर म्हणाले, याचा अर्थ पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग. आम्ही पॅकिंग करत नाही, नुसतं वितरण करतो, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने मान्य केलं की वाक्य संदिग्ध आहे आणि संशयाचा फायदा कामगारांना. पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलरला तडजोड केली. दुकानदार क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, “मॅडम, मी पूर्ण नवीन लिहून देतो. एक रुपया जास्त नको.”

दुसरा मजकूर आला दुसऱ्याच दिवशी, आणि काय सांगू, व्याकरणाला बोट ठेवायला जागा नाही! अपॉस्ट्रॉफी जिथल्या तिथे, आर्टिकलं जागेवर, कॉमे शिस्तीत. पहिल्या वेळी वाक्यं लंगडत होती, आता नाचत होती. कोणत्या यंत्राकडून लिहून घेतलं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. फक्त एकच अडचण होती, त्यातलं एकही वाक्य आमच्या वेफर्सबद्दल नव्हतं.

‘उन्हात पिकलेल्या मधुर केळ्यांपासून’, असं पहिलंच वाक्य. अहो, वेफर पिकल्या केळ्याचा करून दाखवा! केळं पिकायला लागलं की पिठूळपणाची साखर होते, काप तेलात काळे पडतात, मऊ राहतात, हाताला चिकटतात. आमच्याकडे घड हिरवागार उतरतो, सोलताना चीक हाताला लागू नये म्हणून बायका आधी तेल चोळून घेतात. पुढे ‘खान्देशच्या हिरव्या डोंगरउतारांवरून हाताने वेचलेली’. केळी काय करवंदं आहेत वेचायला? आमची केळी तापीकाठच्या सपाट काळ्या जमिनीतली. सातपुडा दिसतो, पण उत्तरेला, लांबून. आणि शेवटी ‘जीआय मानांकित वेफर्स’. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, अमुक माल अमुक भागाचाच याची सरकारी नोंद. जीआय २०१६ मध्ये मिळालं ते जळगावच्या केळीला, फळाला. ते नाव मालावर लावायचं तर त्याची वेगळी नोंदणी करावी लागते, आणि वेफर हा त्यात येतच नाही. शुद्ध इंग्रजीत मारलेली थाप पकडायला तर आणखी कठीण, कारण वाचताना कुठे ठेच लागत नाही.

खरं सांगू? ते ‘नो’वालं वाक्य सोडलं, तर दोन्हींत मला पहिला मजकूर परवडला असता. त्यात केळी निदान हिरवी होती. चुकीची अपॉस्ट्रॉफी वाचून एखादा नाक मुरडेल, फार तर ऑर्डर करणार नाही. पण ‘नो’वालं वाक्य आणि ही डोंगरउतारावरची गोष्ट, ही दोन्ही गिऱ्हाइकाला चुकीची माहिती देतात. आणि दोन्हींचं मूळ एकच: लिहिल्यावर कोणी परत वाचलंच नाही. पहिल्या वेळी भाषा माहीत असलेल्याने वाचलं नाही, दुसऱ्या वेळी माल माहीत असलेल्याने. त्याच्याकडे कामाची रीतच अशी आहे: फोटो काढला, मजकूर टाकला, चढवलं, पुढचं गिऱ्हाईक. मी त्याला म्हटलं, चढवायच्या आधी एक कागद छापून मालकाच्या हातात दे, सही घे. तो हो म्हणाला. अजून सुरू केलेलं दिसत नाही; परवा आमच्या ओळखीच्या मसालेवाल्यांचं पान पाहिलं, त्यांची मिरची ‘सन-राइपन्ड’ झाली आहे. मिरचीला ते निदान शोभतं तरी.

शेवटी आमचं इंग्रजी मीच लिहिलं. सहा छोटी वाक्यं. हिरव्या केळीचे वेफर, घाण्याच्या शेंगदाणा तेलात तळलेले, हे पहिलं; शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास घेऊ नये, हे दुसरं, ठळक अक्षरात. बाकी वजन, मीठ, मिरी, किती दिवस टिकतात ते. एकही विशेषण नाही. ऑर्डरी कमी झाल्या नाहीत.

तर, जावं का? फोटोंसाठी डोळे मिटून जा. मराठी वर्णन घ्या, एकदा नजर टाका. इंग्रजी त्याच्याकडून घेऊ नका. घ्यायचंच असेल तर ज्यात ‘नो’, ‘नॉट’, ‘फ्री’, ‘विदाउट’ आहे ते प्रत्येक वाक्य इंग्रजी येणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि जिथे पीक, गाव किंवा मानांकन यांचा उल्लेख आहे ते स्वतः वाचा. नुसत्या फोटोंचा दर तो आधी सांगत नाही, पॅकेजच गळ्यात मारतो. धरून बसलं की नगाला दीडशेवर येतो. त्याच्या वर देऊ नका.