कानस लावून बघायला हवी होती

पावसाळ्यात मालवणकडची जलक्रीडा बंद असते. त्या दिवसांत तिथल्या एका ओळखीच्याने आपली जेट स्की टेम्पोत घालून आंबोली घाटातून माझ्याकडे बेळगावला आणली. माझं गॅरेज उद्यमबागेजवळ. दुचाकी, जनरेटर, पंपसेट ही रोजची कामं. जेट स्की म्हणजे पाण्यावरची मोटरसायकलच की, असं म्हणून मी ठेवून घेतली. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलेलं. एका दिवसाचं काम, असं सांगून बसलो.

सीट काढून आत बघितलं तेव्हा कळलं. इंजिन होडीच्या पोटात. मॅनिफोल्ड आणि फायबरची भिंत यांच्यामध्ये मनगट जेमतेम शिरतं. खालच्या रांगेतले बोल्ट दिसतच नाहीत, बोटांनी चाचपायचे. आठ एमएमचे अ‍ॅलन बोल्ट, डोक्यात षटकोनी खाच असलेले, म्हणजे सहा एमएमची अ‍ॅलन की (चावी) लागणार. त्यात बोल्ट स्टीलचा, आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये आणि वर खारं पाणी. अशा ठिकाणी आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होऊन बसतो. गॅसची टॉर्च लावून तापवावं तर त्याच पोटात पेट्रोलची टाकी, वाफ कोंडलेली. तो विचारही नको.

रात्री मोबाईलवर शोधताना एक व्हिडिओ दिसला. असाच अडचणीतला बोल्ट, लांब दांड्याची की, दोन झटक्यांत मोकळा. खाली नंबर. फोन लावला तर माणूस गोड मराठीत बोलणारा. "भाऊ, पुण्यातून बोलतोय. हा सेट खास जेट स्कीसाठीच येतो. जर्मनीचा माल, दोनच राहिलेत." किंमत 9,500. त्यातले 4,500 आधी, उरलेले पेटी हातात आल्यावर. पैसे टाकताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता एका बाईचं आलं. विचारलं, तर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे, जीएसटीची भानगड नको." मला ते पटलंही, कारण बिल नको म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याकडेही येतात.

पेटी मात्र बघण्यासारखी होती. आत काळा फोम, प्रत्येक हत्याराला आपापली खाच, लांब एक्स्टेन्शन, तिरकी फिरणारी जोडणी, सरळ आणि बॉल टोकाच्या अ‍ॅलन बिट, त्यावर बारीक अक्षरांत 'क्रोम व्हॅनेडियम', म्हणजे हत्यारांच्या कडक पोलादाचं नाव. कुरिअरवाल्याने अर्थातच आधी 5,000 मोजून घेतले, मग पेटी सोडली.

बोल्टांना दोन रात्री तेल मुरवून ठेवलं होतं. सहाची सरळ टोकाची बिट खाचेत पूर्ण बसवली आणि जोर दिला. हलल्यासारखं वाटलं. मी खूश. बोल्ट नव्हता हलला, बिट पिळत होती! पुढच्या जोराला तिचे कोपरे गेले. दुसरी बिट घेतली, तिने तर बोल्टच्या खाचेचेही कोपरे खाल्ले. असे दोन बोल्ट गोल झाले.

फोन केला तर तो माणूस म्हणाला, "बॉल टोकाने जोर लावला असणार तुम्ही." बोलण्यात तथ्य होतं, म्हणूनच जास्त राग आला. बॉल टोक तिरक्यातून फिरवायला, बोल्ट एकदा सुटल्यावर. पहिला जोर सरळ टोकानेच द्यायचा, हे मलाही ठाऊक आहे आणि मी तसाच दिला होता. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

शेजारच्या लेथवाल्या मामांना बिट दाखवली. ते म्हणाले, "कानस लावून बघितलास काय आधी?" नव्हती बघितली. फौंड्रीच्या गावात जन्म गेला आणि मी अक्षरं वाचत बसलो होतो. कडक पोलादावरून कानस घसरते, धरत नाही. इथे मामांनी दोनदा ओढली आणि चकाकी जाऊन खाली कीस पडला. पुढच्या फौंड्रीत कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर ठेवून बघितलं. चांगली अ‍ॅलन की सी स्केलवर 50 च्या वर असते, ही 20 पर्यंतही पोचेना. मऊ लोखंडावर क्रोम चढवलेला.

मग साखळीच्या चेनब्लॉकने अख्खं इंजिन वर काढून बाहेर आणलं, गोल झालेल्या डोक्यांवर नट वेल्ड केले आणि ते दोन बोल्ट फिरवले. तीन दिवस गेले. बाकीचे बोल्ट मात्र मामांच्या युक्तीने सुटले. पेठेतल्या नेहमीच्या दुकानातून ओळखीच्या कंपनीची सहाची अ‍ॅलन की आणली, कटरने तिचा सरळ तुकडा कापला (कापताना पाणी मारत, नाहीतर तापून तीही मऊ पडते) आणि सहाच्या सॉकेटमध्ये बसवून माझ्याच जुन्या एक्स्टेन्शनला लावला. खर्च दोनशेच्या आत.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 ला फोन करायला मला नवव्या दिवशी सुचलं. पहिल्या दिवशी केला असता तर खात्यातले पैसे अडवता आले असते, असं तिथल्या माणसाने सांगितलं. कुरिअरला दिलेले पाच हजार तर रोखच होते. तक्रारीची पोच कानडीत आली, मुलीने वाचून दाखवली. पेटी अजून गॅरेजात आहे, फोमच्या खाचांत मी वॉशर ठेवतो.