चिल्लर चाळायला दहापट भिंग बास

चाळीसपट असं कोरलेलं, पंचवीस मिलिमीटर काचेचं भिंग कोणी दाखवलं तर लांबूनच हात जोडा. हिशेब सोपा आहे. 250 ला फोकल लांबीच्या मिलिमीटरांनी भागलं की भिंगाची पट निघते. दहापटीला 25 मिलिमीटर, चाळीसपटीला सव्वासहा. आणि सव्वासहा मिलिमीटरवर फोकस होणारी काच शर्टाच्या बटणाहूनही लहान असते, एवढी मोठी असूच शकत नाही. आकडा कोरायला काय जातंय!

मी घेतलंय ते घडीचं, दहापटीचं ट्रिप्लेट, म्हणजे तीन काचा एकमेकींना चिकटवलेलं. काच 18 मिलिमीटर. काम एकच: सुट्ट्या पैशांतून टाकसाळीच्या चुका आणि डायचे, म्हणजे नाणं छापणाऱ्या धातूच्या साच्याचे, फरक हुडकणं. नोकरी ऑफसेट मशीनवर झाली, रंगाचं रजिस्टर, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसलेत का, ते भिंगातून बघण्यात. त्यामुळे डबल छाप डोळ्याला लगेच खटकते. साध्या एका काचेच्या भिंगात मधलं अक्षर ठीक दिसतं, पण कडेचं वाकतं आणि त्याला निळी-तांबडी किनार लागते. नाण्यावर मजकूर बहुधा कडेनंच फिरतो, आणि डबल अक्षर शोधणाऱ्याला ती किनार हमखास चकवते. ट्रिप्लेटमध्ये हा त्रास जवळपास नाही. फक्त भिंग डोळ्याशी भिडवायचं आणि नाणं वर आणायचं. भिंग नाण्यावर टेकवून लांबून बघणाऱ्यांना पैसे वाया गेल्यासारखंच वाटणार.

याच भिंगाचा आत एलईडी बसवलेला अवतारही मिळतो. तो घेऊ नका. काचेभोवतीचा उजेड सगळीकडून सारखा पडतो, सावली मरते, आणि नाण्यावर वाचायची असते ती सावलीच. मी टेबलावरचा दिवा डावीकडे, अगदी खाली ठेवतो. समजा, नाण्यावर एक बारीक रेघ दिसली. तिची डावी बाजू उजळ आणि उजवी काळी असेल तर रेघ उठावाची आहे. म्हणजे डायला तडा गेला होता आणि दाबाखाली धातू त्यात शिरला. उलट असेल, डावी काळी आणि उजवी उजळ, तर तो खोल ओरखडा. कोणाच्या तरी किल्ल्यांची कृपा, नाणं परत खिशात. एलईडी लावला की दोन्ही रेघा एकसारख्या दिसतात.

डबलचंही तसंच. डाय तयार करताना हबचा, म्हणजे डायवर चित्र उमटवणाऱ्या उठावाच्या साच्याचा, ठसा दोनदा आणि जरा सरकून बसला, तर तो दुहेरीपणा डायमध्येच कोरला जातो आणि त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर उतरतो. हाच खरा डबल डाय. त्यात अक्षर जाड होतं, दोन्ही ठसे गोलसर उठतात आणि अक्षराच्या टोकाला खाच दिसते. छापताना डाय नुसती हलली तर आधी उठलेलं अक्षर बाजूनं चेपलं जातं. शेजारी सपाट पायरी पडते आणि अक्षर बारीक होतं. हे मशीन डबलिंग ढिगानं सापडतं आणि संग्राहकांच्या लेखी त्याला काडीची किंमत नाही. ती पायरी सपाट आहे की गोल, हे दहापटीत आणि तिरक्या उजेडात स्वच्छ कळतं.

एवढं सगळं हजारपटीच्या यूएसबी मायक्रोस्कोपमध्ये आणखी चांगलं दिसेल, असं वाटतं ना? माझ्याकडे तोही आहे. तो हजाराचा आकडा बराचसा पडद्याच्या आकारावर अवलंबून, मोठा मॉनिटर लावला की पट वाढली! वर एलईडीचं तेच कडं. त्यातला उजेड पूर्ण मंद करून बाजूनं दिवा मारला तर फोटो सुंदर येतात. पण शोधायला तो निरुपयोगी. पडद्यावर एकच अक्षर मावतं, तिथे ढीगभर चिल्लर कधी चाळून व्हायची? शिवाय एवढं मोठं केल्यावर मळाचा कणसुद्धा टाकसाळीची चूक वाटायला लागतो. अमेरिकी सेंट 1982 पासून जस्ताचा, वर तांब्याचा पातळ मुलामा. त्याखाली येणारे फुगे मायक्रोस्कोपमध्ये बघून लोक हरखतात. फुगाच असतो तो.

मुळात नावाजलेल्या चुकांना बऱ्याचदा भिंगही लागत नाही. 1955 चा अमेरिकी डबल डाय सेंट नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ब्रिटनचं 2008 चं बिनसालाचं 20 पेन्स तर फक्त वाचता येणाऱ्याला सापडेल. नव्या रचनेत साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेलं, आणि जुनी एक डाय नव्या डायबरोबर जोडली गेल्यामुळे दोन्हीकडे साल नाही. भिंगाची कमाई दिसते ती 1998 ते 2000 च्या काही सेंटवर, जिथे चलनातल्या नाण्याला प्रूफ नाण्याच्या, म्हणजे संग्राहकांसाठी खास छापलेल्या नाण्याच्या, रचनेची मागची बाजू लागली. ‘अमेरिका’ शब्दातली ए आणि एम ही अक्षरं नेहमी जवळजवळ चिकटलेली असतात, या नाण्यांवर त्यांच्यामध्ये स्पष्ट फट आहे. माझं लाडकं नाणं मात्र 2009 चा सेंट, ओंडक्यावर बसून पुस्तक वाचणाऱ्या पोरसवदा लिंकनचा. हल्ली डाय एकाच दाबात बनते, त्यामुळे दुहेरीपणा आला तर बहुधा मध्यभागी येतो. आणि इथे मध्यभागी नेमका पोराचा हात! त्याच्या काही डायवर हाताला जास्तीचं बोट फुटलेलं आहे. भिंगात ते बोट दिसलं की मोठ्यानं हसू येतं.

तक्रारी आहेत. बिजागरीचा स्क्रू वापरून सैल पडतो आणि सोबत पेचकस देत नाहीत. चकचकीत क्रोमच्या कडेवरून उजेड थेट डोळ्यात येतो. मी कडेला काळी, बिनचमकीची चिकटपट्टी लावली, त्रास गेला. चामड्याच्या पाकिटातले तंतू काचेवर चिकटतात, ते पाकीट सरळ फेकून द्यावं. फुंकर मारून पुसणाऱ्यांनी आधी ब्रश घ्यावा, नाहीतर नाण्यांची बारीक धूळ काचेवर रेघा ओढते.

आणि काही गोष्टी भिंगाच्या आवाक्यातल्याच नाहीत. 1982 चा सेंट तांब्याचाही आहे आणि जस्ताचाही. पहिला 3.11 ग्रॅम, दुसरा 2.5. मुलामा शाबूत असेल तर वरून बघून सांगणं कठीण. त्याला काटाच हवा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. भिंगाच्या ऑर्डरीतच तो मागवून टाका.