ग्राफिक डिझाइन की फोटो रीटचिंग: स्वतंत्र व्यवसायाची सुरुवात कशापासून करावी?

फोटोशॉपवर हात बसला की स्वतंत्रपणे कामे घेण्याचा विचार मनात येतो आणि बहुतेक जण स्वतःची ओळख ‘ग्राफिक डिझायनर व फोटो रीटचर’ अशी जोडूनच लिहितात. सॉफ्टवेअर बऱ्याच अंशी सामाईक असल्याने डिझाइन आणि रीटचिंग, म्हणजे काढलेल्या छायाचित्राची सफाई व सुधारणा, ही दोन्ही कामे जवळची वाटतात. प्रत्यक्षात ती देणारी माणसे, त्यांच्या मोबदल्याचे गणित आणि ती फिसकटण्याच्या जागा निरनिराळ्या आहेत. सुरुवातीला यांपैकी एकावरच भर द्यायचा असेल, तर ग्राहकाशी किती आणि कोणत्या टप्प्यावर बोलण्याची आपली तयारी आहे, हे आधी तपासावे, असे माझे मत आहे.

डिझाइनचे काम बहुधा ग्राहकाच्या अनिश्चिततेपासून सुरू होते. त्याला बोधचिन्ह हवे असते, पण ते कोणासाठी, कुठे आणि किती लहान आकारात वापरले जाणार, याचा विचार त्याने केलेला नसतो. तो विचार त्याच्याकडून करवून घेणे हाच कामाचा मोठा भाग असतो आणि ज्याला हे बोलणे कटकटीचे वाटते, त्याची कल्पकता कितीही चांगली असली तरी त्याला हा व्यवसाय जड जातो. रीटचिंगमध्ये छायाचित्र समोर असते आणि सूचना तुलनेने नेमक्या असतात: पार्श्वभूमी शुभ्र करावी, डाग काढावेत पण त्वचेची रंध्रे दिसत राहावीत, कापडाचा रंग प्रत्यक्ष वस्तूशी जुळावा. काम झाले की नाही, हे चित्र पाहून बरेचसे ठरवता येते.

मोबदल्याचा फरक याच स्वभावातून येतो. रीटचिंगचा दर साधारणपणे प्रतिचित्र ठरतो. म्हणून दर सांगण्यापूर्वी त्या संचातील एक सोपे आणि एक अवघड चित्र करून वेळ मोजावा. समाधानी छायाचित्रकार प्रत्येक चित्रीकरणानंतर काम पाठवत राहतो, त्यामुळे उत्पन्नाला लवकर नियमितपणा येतो, मात्र एकदोन ग्राहकांवर विसंबून राहण्याचा धोकाही त्यातच असतो. डिझाइनचा दर प्रकल्पावर ठरतो, आणि नवख्याचे नुकसान होते ते दुरुस्त्यांच्या न संपणाऱ्या फेऱ्यांमुळे. ‘रंग जरा बदलून पाहू’ हे वाक्य विनाशुल्क किती वेळा ऐकून घ्यायचे, हे आधीच लेखी ठरलेले असावे. त्याच कागदावर आगाऊ रक्कम, अंतिम फायलींचे प्रकार, वापराचे हक्क ग्राहकाकडे कधी जातील आणि फाँटचा परवाना कोणी घ्यायचा, हेही यावे. हे लिहिताना संकोच वाटणाऱ्यांनी निदान पहिली काही कामे रीटचिंगची घ्यावीत.

साधनांच्या बाबतीत सुरुवातीचा भार रीटचिंगवर अधिक पडतो. अ‍ॅडोबने 2013 पासून आपली प्रमुख सॉफ्टवेअर वर्गणीच्या पद्धतीकडे वळवली, हा खर्च दोघांनाही लागू होतो. इंकस्केप आणि गिंप हे विनामूल्य पर्याय शिकण्यासाठी पुरेसे आहेत, परंतु ग्राहक जेव्हा लेयरसह, म्हणजे कामाचे सुटे थर शाबूत असलेली, मूळ फाइल मागतो तेव्हा अडचण येऊ शकते. रीटचरला याशिवाय भरवशाचा मॉनिटर आणि तो उपकरणाने कॅलिब्रेट करण्याची, म्हणजे त्याचे रंग मोजून अचूक करण्याची, सोय लागते, कारण चुकीचा रंग दाखवणाऱ्या पडद्यावर केलेली रंगदुरुस्ती ग्राहकाकडे पोहोचल्यावर उघडी पडते. 8 बिटच्या चित्रात लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनेलला 256च छटा मिळतात आणि आकाशासारख्या सलग भागात जास्त फेरफार केल्यावर पट्टे उमटतात. म्हणून गंभीर काम 16 बिटमध्ये होते, फायली फुगतात आणि साठवणुकीची जागा लवकर संपते. डॉज अँड बर्नसाठी, म्हणजे चित्रातील निवडक भाग हलकेच उजळ वा गडद करण्यासाठी, दाब ओळखणारा पेन टॅब्लेट जवळजवळ अपरिहार्य आहे.

डिझायनरची जोखीम छपाईत असते. ब्लीड (कागद कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेला छपाईचा भाग) सोडायचे राहिले, किंवा बारीक मजकूर एकाच काळ्या शाईऐवजी चार रंगांत गेला, तर संपूर्ण छपाई वाया जाऊ शकते. म्हणून छापखान्याच्या सूचना आधी मागवाव्यात आणि प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुना प्रतीवर, ग्राहकाची लेखी मंजुरी घेतल्याशिवाय फाइल पुढे पाठवू नये.

कामाचे नमुने जमवणे मात्र डिझायनरला सोपे जाते. काल्पनिक प्रकल्पही, तसे स्पष्ट नमूद करून, दाखवता येतात. रीटचरला आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही चित्रे दाखवावी लागतात आणि ती चित्रे दुसऱ्याची असल्याने परवानगी लागते; शिवाय आपले ‘आधीचे’ चित्र जगासमोर यावे, असे फारच थोड्या छायाचित्रकारांना वाटते. स्वतः काढलेली छायाचित्रे वापरणे किंवा नवोदित छायाचित्रकाराची मोजकी चित्रे परवानगीच्या बदल्यात करून देणे, हे मार्ग उरतात. फ्रीक्वेन्सी सेपरेशनच्या (त्वचेचा पोत आणि रंग वेगळे करून सुधारण्याच्या तंत्राच्या) अतिवापराने प्लास्टिकसारखी झालेली त्वचा नमुन्यांत ठेवू नये. जाणकार ग्राहक तेवढ्यावरच नकार देतो.

स्वयंचलित साधनांचा फटका दोघांनाही बसतो, पण रीटचिंगमधील नवख्याला अधिक, असे मला वाटते. पार्श्वभूमी काढणे, म्हणजे कटआउट, पूर्वी पेन टूलने कडा आखत बसून करण्याचे आणि शिकाऊ माणसाला सहज मिळणारे काम होते. आता ते क्षणात होते, आणि 2023 मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल (कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्राचा निवडलेला भाग नव्याने भरणारी सोय) आल्यापासून नको असलेली वस्तू पुसणेही सोपे झाले आहे. केवळ कटआउटच्या भरवशावर व्यवसाय उभा करू नये. मोठ्या संचातील सर्व चित्रांचा रंग एकसारखा राखणे, दागिन्यांवरील प्रतिबिंबे आवरणे, मोकळ्या केसांच्या कडा नैसर्गिक ठेवणे, यांसाठी अजून माणसाची नजर लागते. तेव्हा शिकताना वेळ तिथे द्यावा.

एकट्याने, शांतपणे, ठरल्या मापात काम करणे ज्याला मानवते आणि चांगल्या मॉनिटरचा खर्च झेपतो, त्याने रीटचिंगपासून सुरुवात करावी. ज्याला प्रश्न विचारायला आवडते आणि उत्पन्नातील चढउतार काही काळ सोसता येतात, त्याने डिझाइन निवडावे. दोन्ही करायचेच असेल, तर नमुन्यांचे दोन स्वतंत्र संच ठेवावेत. वस्तू विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला छायाचित्रांची सफाई आणि वेष्टनाचे डिझाइन एकाच माणसाकडून मिळाले तर सोयीचे जाते. अशा वेळी दरपत्रकात चित्रांची किंमत प्रतिचित्र आणि वेष्टनाची दुरुस्त्यांच्या ठरलेल्या फेऱ्यांसह वेगळी लिहावी, म्हणजे एका बाजूची दिरंगाई दुसऱ्या बाजूचे पैसे अडवून धरणार नाही.