शाळा सुटलेलं पोर: परत वर्गात, १७ नंबर की मुक्त विद्यालय?

यवतमाळ-वाशीमकडे पोराची शाळा एका दिवसात सुटत नाही. सोयाबीन सवंगायला चार दिवस घरी राहतो, मग कापूस वेचायला, आणि दिवाळीनंतर वर्गात जायची लाज वाटते. अशा पोराचं पुढं काय करायचं, हे ठरवायला बसलेल्या आईबापांसाठी, मामांसाठी आणि आशाताईंसाठी हे लिहिलं आहे.

आधी वय पाहा. १४ च्या आत असेल तर बाहेरून परीक्षेचा विचारच नको, गावातल्या जिल्हा परिषद शाळेतच परत घाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याला वयानुसार वर्ग मिळतो. मागं पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं आणि मध्येच १४ उलटले तरी आठवीपर्यंत फी लागत नाही. दाखला नाही म्हणून शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. शाळाबाह्य पोरांना परत वर्गात आणणारे, 'बालरक्षक' म्हणून काम करणारे शिक्षक अनेक तालुक्यांत आहेत, त्यांना गाठा.

मुलीची शाळा पुष्कळदा अंतरामुळे सुटते. वसतिगृह शोधण्याआधी मानव विकासची निळी बस, म्हणजे मुलींना शाळेत मोफत नेणारी एसटी, गावावरून जाते का, ते विचारा. नसेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, आणि आदिवासी कुटुंब असेल तर शासकीय आश्रमशाळा. धारणी, पांढरकवडा, अहेरी, भामरागड इथल्या आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयांत आश्रमशाळांची चौकशी होते. दोन्हीकडे राहणं-जेवण मोफत. पण प्रवेशाआधी स्वतः जाऊन या. अधीक्षिका रात्री तिथंच मुक्कामाला असते का, संडासाला पाणी आणि दाराला कडी आहे का, आजारी पोरीला दवाखान्यात कोण नेतं, हे मुलींनाच विचारा. गावात चौथीपर्यंत शाळा असताना सात-आठ वर्षांचं लेकरू दूर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा पेच १४ नंतरचा. तिथं दोन वाटा आहेत.

१७ नंबरचा फॉर्म म्हणजे राज्य मंडळाचीच दहावी, फक्त बाहेरून. पेपर तोच, गुणपत्रिका त्याच मंडळाची. बालभारतीची पुस्तकं शेजारच्या पोराकडूनही मिळतात आणि अडलं तर गावातला कोणताही मास्तर सांगू शकतो. हा आधार फार मोठा आहे. अडचण एवढीच की गणित आणि विज्ञान सुटत नाही. तोंडी आणि प्रात्यक्षिकासाठी संपर्क केंद्राच्या, म्हणजे फॉर्म ज्या शाळेमार्फत भरला त्या शाळेत खेटे घालावे लागतात. फॉर्म ऐन पावसाळ्यात, निंदणाच्या धांदलीत सुरू होतो, तेव्हा शाळा सोडल्याचा मूळ दाखला हाताशी हवा. मात्र नियमित दहावीला बसून नापास झालेल्या पोराला १७ नंबर लागत नाही. त्याने आपल्याच शाळेतून राहिलेले विषय द्यावेत.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. १४ पूर्ण हवेत. पाच विषय घ्यायचे, त्यात एक भाषा हवीच, गणिताची सक्ती नाही. एकेक विषय सोडवत ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि ३३ टक्क्यांना पास. मराठी माध्यमही आहे. ज्या पोराच्या मजुरीवर घर चालतं, त्याला हा हप्त्याहप्त्याने शिकण्याचा मार्ग झेपतो. पण अभ्यासकेंद्र दूर असतं, पुस्तकं वेगळी, आणि फॉर्मपासून हॉल तिकिटापर्यंत सगळं ऑनलाइन. घरात मोबाइल नीट हाताळणारं एक तरी माणूस हवं.

शेतीचा हंगाम बघायला लोक विसरतात. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला होतात. गडचिरोलीत एप्रिल मोहफुलाचा, मे तेंदूपत्त्याचा. यवतमाळात ऑक्टोबर-नोव्हेंबर सवंगणी-वेचणीचा. राज्य मंडळाची दहावी मार्चच्या सुमाराला असते, तेव्हा वेचणीचा मुख्य भर ओसरलेला असतो. म्हणून पोराला थोडंफार गणित जमत असेल आणि घर एक हिवाळा त्याला अभ्यासाला मोकळं सोडू शकत असेल, तर १७ नंबरच घ्या. पुढं आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन करायचं असेल तर दहावीचं गणित-विज्ञान लागतंच. गणिताच्या धास्तीनेच शाळा सोडली असेल किंवा कामातून सुटकाच नसेल, तर मुक्त विद्यालय. वेल्डर, शिवणकाम असे काही ट्रेड दहावी नापासांनाही मिळतात, तेही मनात ठेवा.

तालुक्याच्या गावी 'पास गॅरंटी' सांगणारे एजंट भेटतील. त्यांच्या हाती पैसाही देऊ नका आणि मूळ दाखला तर मुळीच नको. कोणत्या मंडळाची परीक्षा, हे आधी लेखी मागा.

बाप गेल्यामुळे शाळा सुटली असेल, आणि आपल्याकडे अशी घरं कमी नाहीत, तर बालसंगोपन योजनेचा अर्ज त्याच आठवड्यात करा. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा. बापाच्या मृत्यूचा दाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाइड लागतं. हे बोनाफाइड मिळायचं तर पोराचं नाव पटावर हवं, म्हणून आधी शाळेत जा आणि मग त्या कार्यालयात.