बायोडिझेल आणि परभणीची थंडी : पावसाळ्यापासून वापरून सांगतो

पावसाळ्यापासून ट्रॅक्टरला 20 टक्के बायोडिझेल घालतोय. दिवाळीपर्यंत तक्रार नव्हती. ओढ तीच, धूर कमी, लिटरमागे थोडे पैसेही वाचत होते. डिसेंबरात भल्या पहाटे उसाची भरलेली ट्रॉली घेऊन निघालो, तर रस्त्यातच इंजिन गुदमरलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, फीड पंप गेला, बायोडिझेल घातलं म्हणून वॉरंटी नाही. विकणारा म्हणाला, आमचा माल चोख. दोघांपैकी एकानेही फिल्टर उघडून बघितला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. गावच्या मिस्त्रीने उघडला तर आत पांढरा मेणचट थर. पंप ठणठणीत!

मला भेसळच वाटली. ड्रममधलं थोडं काचेच्या बरणीत काढून उन्हात ठेवलं, दुपारपर्यंत नितळ. रात्री ओट्यावर ठेवलं, पहाटे परत गढूळ. भेसळ नाहीच, असं यावरून ठरत नाही; पण ट्रॅक्टर थंडीनेच अडवला, हे कळलं. खोबरेल तेल थिजतं तसंच हे.

हा माल हॉटेलांतल्या वापरलेल्या तेलाचा. आपल्याकडे तळणात पाम तेल फार, आणि निव्वळ पामचं बायोडिझेल 13 ते 16 अंशांनाच गढूळ व्हायला लागतं. सोयाबीनचं साधारण शून्याजवळ. डिझेलमध्ये मिसळलं की हा आकडा खाली येतो, पण परभणीत डिसेंबर 2018 मध्ये पारा 2-3 अंशांवर उतरला होता. मग कोणत्या तेलाचं आणि किती अंशांना गढूळ होतं, हे विकणाऱ्याने सांगायला नको? पाटीवर नुसता भाव. विचारलं की ‘काही होत नाही, बिनधास्त टाका.’ गढूळ होण्याचा आकडा बिलावर लिहून द्या, एवढीच माझी मागणी आहे.

साध्या डिझेललाही ही मर्यादा आहेच. त्याने फिल्टर तुंबण्याचं तापमान हिवाळ्यात जास्तीत जास्त 6 अंश, उन्हाळ्यात 18 चालतं. म्हणून उन्हाळी साठा थंडीत मिसळू नका.

तेल थिजू न देणाऱ्या औषधाची दुकानातली बाटली तेल गढूळ झाल्यावर ओतली, पैसे वाया. ती आधी, तेल कोमट असताना घालावी लागते. खरा फरक पडला तो ड्रम पत्र्याच्या शेडमधून घरातल्या कोठीत आणल्यावर. मिसळायचं ते भर दुपारी, आधी डिझेल, वरून बायोडिझेल, कारण ते जड असतं. संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, नाहीतर आत दव धरतं आणि बायोडिझेल पाणी लवकर ओढतं. फिल्टर थिजलाच तर गरम पाण्याचं फडकं गुंडाळा, निखारे जवळ नेऊ नका.

पुढे मी प्रमाण 5 टक्क्यांवर आणलं. ट्रॅक्टर व्यवस्थित चालला, पण 5 टक्क्यांत वाचतं ते एका फिल्टरच्या किमतीलाही पुरत नाही. म्हणून पुढच्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत साधं डिझेलच. ड्रममध्ये उरलेलं आता ऊन वाढल्यावर आधी संपवतोय, सहा महिन्यांपलीकडे ते ठेवायचं नाही.